एकच वऱ्हाड, तीन चाब्या

मंडळी, आज प्रोग्रामिंगमधली डिक्शनरी समजून घेऊ. नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांच्या आवकेपासून सुरुवात करू. काटोल, नरखेड, वरूडहून गाड्या येतात आणि दिवसाअखेर प्रश्न एकच असतो: कोणत्या गावाचा माल किती टन? गावांची एक यादी आणि टनांची दुसरी ठेवली, तर काटोलचा आकडा काढायला यादी वरून खाली चाळावी लागते. समजा, लाखभर पावत्या आहेत आणि प्रत्येक पावतीला हजार नावं चाळायची आहेत. त्या दहा कोटी तुलना होतात. डिक्शनरी, म्हणजे नावाशी त्याची माहिती जोडून ठेवणारी रचना, हे चाळणंच काढून टाकते. तिच्यात गावाचं नाव ही 'की' आणि टन ही व्हॅल्यू. मराठी वाक्यात हा 'की' गोंधळ घालतो, म्हणून मी आपल्या नागपुरी सवयीने चाबी म्हणणार आहे.

डिक्शनरी शोधत नाही, ती हिशोब करते. 'काटोल' या अक्षरांवरून एक मोठी संख्या निघते. तिला हॅश म्हणतात, आणि त्या संख्येवरून कप्पा ठरतो. पायथन भाषेत पहिली नोंद पडली की आठ कप्पे तयार होतात. साधारण दोन तृतीयांश भरले, म्हणजे पाच नोंदी झाल्या, की सहाव्या नोंदीला मोठी जागा घेऊन सगळं नव्याने लावलं जातं. जावा भाषेतला हॅशमॅप, म्हणजे तिथली डिक्शनरी, सोळा कप्प्यांनी सुरू होतो आणि बारापेक्षा जास्त नोंदी झाल्या की दुप्पट होतो. दोन नावं एकाच कप्प्यावर आली तर शेवटी खरी तुलना होते: ही चाबी अगदी तीच आहे का?

यावरून पहिला नियम आपोआप निघतो. आत टाकल्यावर चाबी बदलता कामा नये. पायथन म्हणूनच लिस्टला चाबी होऊ देत नाही, लगेच टाइपएरर देतो. टपल, म्हणजे न बदलणारी यादी, चालतो, त्यात मात्र लिस्ट नको. गाव आणि तारीख मिळून चाबी हवी असेल, तर दोघांचा टपल करा. जावा इतका कडक नाही. तिथे स्वतः लिहिलेल्या क्लासचं ऑब्जेक्ट चाबी म्हणून ठेवलं आणि ज्या फील्डवरून हॅश निघतो तेच नंतर बदललं, तर नोंद आतच राहते, लूपमध्ये दिसतेही, पण मागितली तर नल, म्हणजे 'काही नाही', मिळतं. ही चूक फार वेळ खाते.

आता बेरीज. प्रत्येक पावतीला 'आवक[गाव] += टन' लिहिलं, तर गाव पहिल्यांदा येताच कीएरर येतो, कारण जुना आकडाच नाही. गेट वापरा: आधीची व्हॅल्यू 'आवक.गेट(गाव, 0)' अशी घ्या, तिच्यात टन मिळवा आणि परत ठेवा. नसलेल्या चाबीला आपोआप सुरुवातीची व्हॅल्यू देणाऱ्या डिफॉल्टडिक्टनेही काम होतं, पण त्यात चौकोनी कंसाने नुसतं विचारलं तरी नवी नोंद तयार होते. 'सावनेरचं काही आलं का?' एवढं बघायला गेलात, तर सावनेर शून्य टनांसह अहवालात हजर. बघायचंच असेल तर 'इन' वापरा.

लूपमध्ये नुसती डिक्शनरी दिली तर फक्त चाब्या मिळतात. जोडी हवी तर 'फॉर गाव, टन इन आवक.आयटम्स()' असं फिरा. फिरताना व्हॅल्यू बदलली तर चालते. चाबी काढली किंवा नवी घातली, तर पायथन पुढच्याच पावलावर रनटाइमएरर देऊन थांबतो, आणि ते योग्यच आहे, कारण आताच पाहिलं तसं नव्या नोंदीने सगळी मांडणीच हलू शकते. एक काढली, एक घातली आणि संख्या तीच राहिली, तर मात्र पायथन चूक दरवेळी पकडेल याची हमी नाही. म्हणून शून्य टनवाली गावं काढायची असतील तर 'लिस्ट(आवक)' करून चाब्यांची प्रत घ्या आणि तिच्यावर फिरा. माझ्या मते त्याहून बरं म्हणजे हवी तेवढीच गावं घेऊन नवी डिक्शनरी बांधणं. जावात काढायचं काम इटरेटरच्या रिमूव्हनेच करा. गो भाषेत फिरताना काढणं चालतं, पण फिरताना घातलेली चाबी त्याच फेरीत दिसेल किंवा दिसणारही नाही.

क्रमाच्या बाबतीत प्रत्येक भाषेचं वचन वेगळं आहे. पायथनने 3.7 आवृत्तीपासून, म्हणजे 2018 पासून, घातल्याचा क्रम पाळण्याची हमी दिली. व्हॅल्यू बदलली तरी चाबीची जागा तीच राहते. काढून पुन्हा घातली तर ती शेवटी जाते. गो मुद्दाम दर फेरीला वेगळा क्रम देऊ शकते, म्हणजे कोणी त्यावर विसंबू नये. जावास्क्रिप्टचा फटका आपल्या पिनकोडांना बसतो. डिलिव्हरीचा मार्ग सीताबर्डी 440012, मग जीपीओ 440001, मग धरमपेठ 440010 असा साध्या ऑब्जेक्टमध्ये ठेवला, तर लूपमध्ये 440001 आधी येतो आणि 440012 शेवटी, कारण पूर्णांकासारख्या चाब्या चढत्या क्रमानेच बाहेर पडतात. तिथे घातल्याचा क्रम पाळणारा मॅप वापरा.

सगळ्यात जास्त वेळ मला आता जे सांगायचं आहे त्याला द्यायचा आहे, कारण आपला डेटा मराठीत असतो. 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. पडद्यावर एकच दिसतो, पण तो तीन तऱ्हांनी टाइप झालेला असू शकतो. पहिली: युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-यादीत, 0931 क्रमांकाचा ऱ, हलन्त, ह. लांबी सहा. दुसरी: साधा र, त्याखाली नुक्ता, हलन्त, ह. लांबी सात. तिसरी: साधा र, हलन्त, त्यानंतर न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, मग ह. हीही सात. तीन वेगळे हॅश, तीन चाब्या, आणि अहवालात वऱ्हाड तीनदा, प्रत्येकापुढे अर्धवट बेरीज. एकूण टन बरोबरच येतात, त्यामुळे चूक सहजी लक्षातही येत नाही.

उपाय असा. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझने एनएफसी रूप, म्हणजे अक्षराचं ठरलेलं जोडलेलं रूप, घ्या. त्याने पहिली आणि दुसरी तऱ्हा एक होते. तिसरी होत नाही. तिथे जॉइनर नुसता पुसून टाकू नका. पुसला तर र्‍ चा रफार होतो आणि 'वर्हाड' ही चौथी चाबी जन्माला येते. 'र, हलन्त, जॉइनर' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवा. मग स्ट्रिपने कडेच्या मोकळ्या जागा काढा. संशय आला तर चाबी आस्की फंक्शनमधून छापा, प्रत्येक चिन्हाचा क्रमांक उघडा दिसतो. आणि ही सफाई एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवून नोंद घालताना आणि नोंद मागताना, दोन्ही ठिकाणी तेच फंक्शन वापरा. एकाच बाजूला वापरलं, तर डोळ्यांसमोर छापलेल्या 'वऱ्हाड'साठीच कीएरर येईल.