ट्रेलर बघायच्या आधी गाडीचं दार उघडा

(दृश्य : सकाळ. न्यू जर्सीतल्या एका घरापुढचा ड्राइव्हवे. एसयूव्हीचं चालकाच्या बाजूचं दार उघडं आहे. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कॅमेरा थांबतो.)

हे स्टिकर नीट बघा. पांढरं आहे, वर पिवळी पट्टी. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त वजन गाडीत भरू नका, अशी सूचना त्यावर आहे. आमच्या गाडीचा आकडा १,४०० पौंड, म्हणजे साधारण ६३५ किलो. चार वर्षं हे दार आम्ही रोज उघडत होतो आणि हा आकडा एकदाही वाचला नव्हता. ट्रेलर घ्यायचं ठरलं, तेव्हा पहिल्यांदा वाचला.

गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. अमेरिकेत हायवेवर दर चार गाड्यांमागे एक दिसावा, असं उन्हाळ्यात वाटतं. माझे आई-बाबा दर दोन वर्षांनी सांगलीहून आमच्याकडे येतात. आईचे गुडघे दुखतात, बाबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि तीन दिवस बाहेरचं खाल्लं की दोघांचीही पोटं बिघडतात. त्यांना समुद्र दाखवायचा, डोंगर दाखवायचे, पण आपला गॅस, आपलं बाथरूम आणि आपलं अंथरूण बरोबर हवं. ट्रेलर घेण्यामागे आमचं एवढंच कारण होतं. तुमचं कारण वेगळं असेल. ते आधी स्वतःशी स्पष्ट करा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात.

(दृश्य : स्वयंपाकघरातलं टेबल. वहीवर पेन्सिलीनं केलेली बेरीज.)

आमची गाडी ५,००० पौंड ओढू शकते, असं तिच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. मग ५,००० पौंडांचा ट्रेलर चालेल, असं आम्ही धरून चाललो. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावरून गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या जोडावर, येतो. त्याला टंग वेट म्हणतात. हा भार कमी ठेवावा म्हटलं तर तेही चालत नाही. तो दहा टक्क्यांच्या खाली गेला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागू शकतो. म्हणून जड सामान नेहमी ट्रेलरच्या चाकांच्या पुढच्या भागात ठेवायचं.

आता हिशोब. ५,००० पौंडांचे साडेबारा टक्के म्हणजे ६२५ पौंड. आम्ही चार मोठी माणसं, सरासरी १५० पौंड धरली तर ६००. दोन मुलं मिळून १४०. बेरीज झाली १,३६५. दारावरच्या आकड्यातले उरले ३५ पौंड. आणि वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देणारा जो खास हिच लावावा लागतो, त्याचं लोखंडच ८० पौंडांच्या आसपास भरतं. म्हणजे एकही बॅग न ठेवता, पाण्याची एकही बाटली न घेता गाडी मर्यादेबाहेर गेली. ओढायची ताकद ५,००० पौंडांची होती, पण ते पेलायची जागाच नव्हती.

ही वही समोर आली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही एका मोठ्या ट्रेलरचा इसार देणार होतो. फोन करून नाही म्हणून सांगितलं.

(दृश्य : विक्रीच्या आवारात ओळीने उभे ट्रेलर. एकाच्या डाव्या बाजूला, पुढच्या कोपऱ्यात चिकटवलेली माहितीपट्टी.)

विक्रेता 'ड्राय वेट' सांगतो. म्हणजे कारखान्यातून निघालेला रिकामा ट्रेलर. त्यात टाकीतलं पाणी नाही, तुमचा कुकर नाही, पांघरुणं नाहीत, अनेकदा बॅटरीही नाही. एका गॅलन पाण्याचं वजन ८.३४ पौंड. तीस गॅलनची टाकी भरली की अडीचशे पौंड वाढले. म्हणून ड्राय वेट ऐकून सोडून द्यायचं आणि या पट्टीवरचं जीव्हीडब्ल्यूआर वाचायचं. भरलेल्या ट्रेलरचं वजन जास्तीत जास्त किती असावं, ते त्यात असतं. आपण तिथपर्यंत भरणारच, असं धरून टंग वेट काढा. मोजून भरणारं कुटुंब मी अजून पाहिलेलं नाही.

लांबीचंही तसंच. मॉडेलच्या नावातला आकडा पुष्कळदा नुसत्या खोलीचा असतो. पुढचा दांडा धरला की तीन-चार फूट वाढतात. घराच्या ड्राइव्हवेत मावेल का, आणि मावला तरी तुमची सोसायटी तो उभा करू देईल का, हे सही करण्याआधी विचारा. आमच्या ओळखीत एका घराने ट्रेलर आणल्यावर आठवड्याभरात नोटीस आली, आणि आता ते दरमहा पार्किंगचं भाडं भरतात.

(दृश्य : जुना ट्रेलर. आतला कोपरा, पुढच्या खिडकीखालची भिंत. एक अंगठा ती दाबतो.)

वजनाइतकंच मन घालून बघायची दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. टाकीतलं नव्हे, छतातून येणारं.

पेनसिल्व्हेनियात एक जुना ट्रेलर बघायला गेलो होतो. आत शिरताच लॅव्हेंडरचा दाट वास आला. पडदे नवे, गाद्या नव्या, सगळं चकाचक. आईने खिडकीखालच्या भिंतीवर सहज हात टेकला आणि म्हणाली, "अगं, ही भिंत मऊ लागतेय." मी अंगठ्याने दाबून पाहिलं. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी भिंत आत गेली आणि वर आलीच नाही. गादी उचलली, तर खालच्या फळीला काळी बुरशी. विकणारा म्हणाला, थोडा ओलावा आहे, उन्हात सुकेल.

तो सुकत नाही. पुष्कळ ट्रेलरचा सांगाडा बारीक लाकडी पट्ट्यांचा असतो, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. काहींच्या भिंती फायबरग्लास, फोम आणि प्लायवूड एकमेकांना चिकटवून केलेल्या असतात. पहिल्या प्रकारात लाकूड आतून कुजतं, दुसऱ्यात थर सुटतात आणि बाहेरच्या गुळगुळीत भिंतीवर फुगवटे येतात. उन्हाच्या तिरप्या उजेडात भिंतीला डोळा लावून बघा, फुगवटा लगेच दिसतो. छतावर जिथे जिथे भोक आहे, म्हणजे पंखा, एसी, सांडपाण्याच्या टाक्यांचा व्हेंट, तिथे भोवती सीलंट भरलेलं असतं. ऊन-थंडीने त्याला भेगा पडतात. घेणाऱ्याने शिडी मागून वर चढायचंच. विकणारा शिडी देत नसेल तर तिथून निघा. ओलावा मोजायचं हातात मावणारं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. कपाटांच्या आतले कोपरे, खिडक्यांखालच्या भिंती, बाथरूमची जमीन, सगळीकडे ते टेकवून बघा.

या देशातले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत तयार होतात. २०२१ साली लोक विमानं आणि हॉटेलं टाळत होते, तेव्हा आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली वाहनं आणि ट्रेलर, बनवणाऱ्या उद्योगाने वर्षभरात ६ लाखांहून अधिक वाहनं कारखान्यांतून बाहेर पाठवली. २०२३मध्ये तो आकडा जवळपास निम्म्यावर आला. २०२१च्या हंगामात घेतलेले कितीतरी ट्रेलर आता जुन्या बाजारात आहेत. भाव चांगला मिळतो, पण इतक्या घाईने बांधलेली वस्तू दुप्पट बारकाईने तपासावी, असं माझं मत आहे. अंड्याच्या आकाराचे, दोन फायबरग्लास कवचं जोडून केलेले छोटे ट्रेलर मिळाले तर जरूर बघा. छताला सांधे कमी, म्हणून गळतीही कमी. जागा मात्र सहसा दोन माणसांपुरतीच.

(दृश्य : टायरचा जवळून फोटो. बोट चार आकड्यांवर.)

टायरवर डीओटी अशी अक्षरं असतात आणि शेवटी चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर वर्षातले दहा महिने एका जागी उभा असतो, त्यामुळे नक्षी कोरी करकरीत दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. पाच-सहा वर्षांपुढचा टायर असेल तर नव्या टायरचे पैसे किमतीतून वळते करून मागा.

(दृश्य : ट्रेलरमधला ओटा. शेगडीवर पाच लिटरचा कुकर.)

आम्ही विक्रीच्या आवारात घरून कुकर आणि कढई घेऊन गेलो होतो. लाज वाटू देऊ नका. शेगडीला तीन बर्नर दिसतात, पण कुकर ठेवला की शेजारी कढई बसत नाही, आणि कुकरची शिट्टी वरच्या कपाटाला जवळजवळ टेकते. छताचा पंखा लावून फोडणी दिली तर धूर जातो का? नाही गेला तर मोहरी तडतडताच अलार्म कोकलणार. तो काढून ठेवायचा नाही. तो आणि गॅस गळतीचा अलार्म रात्री झोपलेल्या घराला वाचवतात.

टाक्या तीन. चांगल्या पाण्याची, भांडी-आंघोळीच्या पाण्याची, म्हणजे ग्रे, आणि संडासाची, म्हणजे ब्लॅक. आपल्या घरात ग्रे आधी भरते. तेलकट कढया, डाळीची भांडी, दिवसातून तीनदा चहा. मेरीलँडच्या किनाऱ्यावर ॲसाटीग बेटावर रानटी घोडे फिरतात, तिथल्या नॅशनल सीशोअरच्या कॅम्पग्राउंडवर वीज-पाण्याची जोडणी नाही. तिथे बाबांनी शॉवर बंद केला आणि बादली-तांब्या काढला. चार लिटरात आंघोळ. तीस गॅलन पाणी सहा माणसांना दोन दिवस पुरलं ते त्यांच्यामुळे.

बाबांच्या इन्सुलिनमुळे फ्रिज हा आमच्यासाठी वेगळा विषय होता. गॅसवरही चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज ट्रेलर सपाट उभा नसेल तर नीट गार होत नाही, आणि गार व्हायलाही कित्येक तास घेतो. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज लवकर गार होतो, पण बॅटरी खातो. आम्ही दुसरा घेतला आणि छतावर सोलर पॅनल बसवलं. विजेचंही गणित असंच आहे. तीस अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. एसी चालू असताना इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडला.

आणि आईला पलंगापर्यंत चालून दाखवायला सांगा. कित्येक ट्रेलरमध्ये पलंग तीन बाजूंनी भिंतीला टेकलेला असतो, आतल्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. बाथरूमची पायरी, दाराची रुंदी, बाहेरच्या जिन्याचा कठडा, हे सगळं म्हाताऱ्या माणसाला प्रत्यक्ष वापरायला लावूनच कळतं.

(दृश्य : ट्रेलरला पाण्याची नळी, विजेची तार जोडलेली. टॉर्चचा झोत सिंकखाली.)

शेवटी आम्ही घेतला तो जुना, लहान. भरल्यावर ३,८०० पौंड. ताब्यात घ्यायच्या दिवशी चार तास तिथे होतो. पाणी भरून सगळे नळ सोडले, सिंकखाली टॉर्च मारला, प्रत्येक बर्नर पेटवला, हीटर आणि एसी दोन्ही चालवले, चांदवा उघडला आणि मिटला. घाई करणारा माणूस दोनदा येऊन गेला. उरलेले पैसे त्यानंतरच दिले.

(दृश्य : सुट्टीच्या दिवशी रिकामं पार्किंग. ट्रेलर हळूहळू मागे येतो.)

ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारा कंट्रोलर बसवून घ्या. ट्रेलर झुलायला लागला तर पाय ब्रेकवर दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, चाक सरळ धरायचं आणि कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा, हात त्या बाजूला न्या.

रस्तेही आधी बघावे लागतात. वॉशिंग्टनकडे जाताना बाल्टिमोरच्या बोगद्यांतून दहा पौंडांहून मोठा प्रोपेनचा सिलिंडर नेता येत नाही, आणि ट्रेलरवरचे सहसा वीस पौंडांचे असतात. तिथे शहराला पश्चिमेकडून वळसा. मॉन्टॅनातल्या ग्लेशियर पार्कच्या डोंगराळ रस्त्याच्या मधल्या टप्प्यावर गाडी आणि ट्रेलर मिळून २१ फुटांपेक्षा लांब चालत नाही. ट्रेलर कॅम्पवर सोडून पुढे जायचं.

(दृश्य : डेलावेअर मेमोरियल ब्रिजच्या अलीकडचा ट्रक स्टॉप. मोठ्या ट्रकांच्या रांगेत एक एसयूव्ही आणि छोटा ट्रेलर, वजनकाट्यावर.)

पहिल्या प्रवासाला निघालो तेव्हा सगळ्यांना गाडीत बसवूनच काट्यावर चढलो. ट्रकवाल्यांसाठीचा हा काटा कुणालाही वापरता येतो, थोड्याच डॉलरांत. पुढची चाकं, मागची चाकं, ट्रेलर, तिन्हींची वेगळी वजनं छापून पावती मिळते. नवऱ्याने ती बॉनेटवर ठेवून वाचली. मागची चाकं मर्यादेच्या आत होती, पण अगदी काठावर.

आईने खिडकीची काच खाली केली आणि विचारलं, "किती जास्त आहे?" मग स्वतःच खाली उतरली, डिकीतून वीस पौंडांची कणकेची पिशवी काढायला लावली आणि ती ट्रेलरमध्ये, चाकांच्या अगदी वर, पलंगाखाली ठेवून आली.