आकड्यांपाशी अडणारी मुले

तिसरीतल्या एका मुलीची वही पाहा. बाईंनी ‘तीनशे पाच’ सांगितले, तेव्हा तिने ३००५ लिहिले. आठ अधिक पाच करताना आठ मनात धरून पुढे मोजण्याऐवजी ती दर वेळी एकपासून बोटे मोजू लागते. मराठीचा धडा मात्र ती न अडखळता वाचते.

अशा चुका सुरुवातीला सगळ्याच मुलांच्या होतात. मराठीत ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतात आणि ‘एकोणसत्तर’ या नावात सत्तर ऐकू येत असले तरी संख्या साठीतली असते; हीच अडचण ओळखून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा वाचनाचाही पर्याय देण्यात आला. बहुतेक मुले सरावाने सावरतात. पण बुद्धी चांगली, शाळा नियमित आणि शिकवणेही नीट असताना, चौथीतही ५२ मोठे की २५ यावर मूल थबकत असेल, काल पाठ केलेला पाढा आज पुसला जात असेल, घड्याळाचे काटे किंवा दुकानातले सुटे पैसे त्याला उमगत नसतील, तर ‘डिसकॅल्क्युलिया’ या संख्या आणि गणित समजण्यातल्या अध्ययन अक्षमतेची शक्यता तपासायलाच हवी. हा आळस नव्हे, आणि अशा मुलाला शंभर वेळा तेच गणित घालणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

आधी वर्गशिक्षकांशी बोलावे, डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग बालमानसतज्ज्ञांकडे जावे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयातही ही सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश असून, प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळते आणि त्याच्या आधारे राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, गणकयंत्र यांसारख्या सवलती घेता येतात. शिकवण्यासाठी मात्र प्रमाणपत्राची वाट पाहू नये. काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे, मणी आणि संख्यारेषा हाताळत, रोज थोडा वेळ, विशेष शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली काम आजच सुरू करता येते.

तपासणीला जाताना प्रगतिपुस्तकांबरोबर मुलाच्या जुन्या वह्याही, चुका न खोडता, सोबत न्याव्यात. मूल नेमके कुठे अडते, हे तज्ज्ञांना गुणांपेक्षा त्या पानांवरून अधिक स्पष्ट कळते.