हाव कुठल्या रस्त्यावर राहते?

[ओव्हल मैदान, सकाळ. क्रिकेटचे चार-पाच डाव एकमेकांत मिसळलेले. मागे राजाबाई टॉवर.]

"एकटीच जाणार? मुंबईत? कशाला?"

घरच्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, पण बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. मला हाव बघायची होती. पैशाची हाव म्हटलं की आमच्या लातूरकडं लोक मुंबईकडं बोट दाखवतात. म्हटलं, एवढं नाव ऐकलंय, तर पत्ता शोधावा.

सोबत कुणी नसलं की एक बरं असतं. एकाच इमारतीसमोर तासभर उभं राहिलं तरी कुणी 'चल की आता' म्हणत नाही. आणि घड्याळाचा हा राजाबाई टॉवर तासभर बघण्यासारखाच आहे. उंची 85 मीटर, काम पुरं झालं 1878 मध्ये. पैसे दिले प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं, नाव दिलं आपल्या आईचं. पैसा कापसाचा. कापूस इथला, लढाई मात्र अमेरिकेतली.

1861 ला तिकडं यादवी पेटली. दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. सगळी मागणी मुंबईकडं वळली. भाव इतके चढले, की लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकायला काढला, असं सांगतात. जुन्या गादीतला कापूस किती चेंदलेला असतो हे ज्यानं पाहिलंय, त्याला हे वेड किती होतं ते कळेल.

एवढा पैसा आला, तर तो ठेवायचा कुठं? बँका निघाल्या, वित्त कंपन्या निघाल्या. समुद्रात भर घालून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. जमीन अजून पाण्याखाली, आणि तिचे शेअर हातोहात विकले जात होते. यातल्याच बॅक बे कंपनीचा 5,000 रुपये भरलेला शेअर 50,000 पर्यंत चढला. बँका शेअर तारण घेऊन कर्ज द्यायच्या, लोक त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे. या चक्रात कुणाकडं खरे किती पैसे आहेत, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

1865 च्या एप्रिलमध्ये लढाई संपली. बातमी इथं पोचली आणि कापूस कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 रुपयांवर गेलेला शेअर 87 रुपयांना विकायची वेळ आली. प्रेमचंदही बुडाले. टॉवरची देणगी त्यांनी त्याआधीच, तेजीत असताना जाहीर केली होती. या हावेतून शहराला निदान एक घड्याळ तरी मिळालं. गादी विकणाऱ्याला काय मिळालं, त्याची नोंद कुठल्या दगडावर नाही.

[हॉर्निमन सर्कल, मग दलाल स्ट्रीट. भर दुपार.]

त्या काळी शेअरचे दलाल इथं टाउन हॉलसमोर वडाच्या सावलीत जमायचे. 1875 मध्ये त्यांनी संघटना काढली. सभासद 318, प्रवेश फी 1 रुपया. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच.

मला वाटलं होतं, इथं तरी हाव दिसेल. आरडाओरडा, हातवारे, घामेजलेले चेहरे. पण 1995 मध्येच व्यवहार स्क्रीनवर गेले. रस्त्यावर उरलंय काय? बॅरिकेड, सुरक्षारक्षक, ब्राँझचा बैल. वडापाववाल्यानं मला गोंधळलेलं पाहून स्वतःहून सांगितलं, "ताई, फोटो काढायचाय ना? बैल तिकडं आहे."

[सीएसएमटी, स्लो लोकल. बायकांचा डबा.]

तिघींच्या बाकावर चौथी म्हणून मला जागा मिळाली. मागावी लागली नाही, बायका आपोआप सरकल्या. शेजारच्या मुलीच्या मोबाइलवर हिरव्या-लाल काड्या वरखाली होत होत्या.

"ऑप्शन्स," मी बघतेय हे लक्षात येऊन ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात आले होते थोडे."

"आणि या आठवड्यात?"

"येतील."

ऑप्शन्स म्हणजे भाव पुढं चढेल की पडेल, यावर लावलेला पैसा. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं 2024 मध्ये आकडे प्रसिद्ध केले. तीन वर्षांत ऑप्शन्स आणि तशाच फ्युचर्सच्या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के लोकांचा तोटा झाला. एकूण 1.8 लाख कोटी रुपयांहून जास्त. 1865 मध्ये माणूस बुडाला की अख्ख्या बाजाराला कळायचं. आता तो भायखळा ते दादरच्या दरम्यान बुडतो, आणि मांडीला मांडी लावून बसलेल्या बाईलाही कळत नाही.

[करी रोड. पुलावरून दिसणारे काचेचे टॉवर, मध्येच एक गिरणीची चिमणी.]

गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 चा, अडीच लाख कामगारांचा. तो सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतरचं कमी बोललं जातं. 1991 च्या नियमानं गिरणीची जमीन विकताना तिचे तीन वाटे ठरले: एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली; गिरणीच्या इमारतींखालची जमीन वाटणीतून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. यात कुणी ओरडलं नाही, कुणी गादी उसवली नाही. एका कलमाचं काम होतं.

भारतमाता सिनेमाजवळ एका काकांशी गप्पा झाल्या. गिरणीत होते, साच्यावर, म्हणजे मागावर. चाळ आता पुनर्विकासाला गेलीय, पण काम अडलंय.

"बिल्डर 405 फूट म्हणतोय, आम्ही 500 मागतोय. तो म्हणतो, तुम्हा लोकांची हाव वाढलीय."

"आत्ताची खोली केवढी आहे, काका?"

"160. त्यात आम्ही नऊ माणसं. रात्री दोघं जिन्यात झोपायचे, पाळीपाळीनं."

"मग 500 च का? 450 का नाही?"

काकांनी माझ्याकडं असं बघितलं, की ही पोरगी नक्की कुठनं आलीय.

"बाजूच्या चाळीला 480 मिळालेत ना!"