एक हेक्टरात किती रस्ता बसतो?

नमस्कार मंडळी. आधी एक सोपं गणित घालतो. रस्ता 5 मीटर रुंद करायचाय आणि जागा आहे 1 हेक्टर, म्हणजे अडीच एकर. किती लांब जाईल? 2 किलोमीटर. बस्स. हा आकडा ध्यानात ठेवा.

(नकाशा) हा आपला कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. गोव्याच्या अंगाला हिरवं दिसतंय ते भीमगड अभयारण्य. जाहीर झालं 2011 साली. गवळी, कोंगळा, पास्तोली, आमगाव ही गावं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनची. पावसाळ्यात नाले भरले की तिथं आजारी पडायचीसुद्धा चोरी. पेशंटला खांद्यावर घालून डांबरी गाठायची, मग पुढं खानापूरचा दवाखाना.

तुम्ही म्हणाल, जंगलाचा कायदा आडवा येतोय. अर्धंच खरं. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(2) बघा. शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज, पाणी, रस्ता, अशा 13 सोयींसाठी जंगलाची जागा देता येते, तीही जिल्ह्यातल्या डीएफओच्या, म्हणजे विभागीय वन अधिकाऱ्याच्या पातळीवर. अटी तीन. जागा 1 हेक्टरपेक्षा कमी, तोड हेक्टरी 75 झाडांच्या आत आणि ग्रामसभेची शिफारस.

आलं का ध्यानात? गाव डांबरीपासून 2 किलोमीटरपेक्षा जास्त आत असलं की गणित फिसकटलं. मग 1980 चा वनसंवर्धन कायदा, फाइल केंद्र सरकारकडं. वर अभयारण्य म्हटल्यावर वन्यजीव कायदा आहेच.

पण मला विचाराल तर खरी मेख तिसऱ्या अटीत आहे. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. तरणी पोरं कामाला गोव्यात. घरी राहिलेल्या म्हातारीला कन्नड नोटीस वाचता येत नाही. ठराव कन्नडात, वाचून दाखवला तर दाखवला. (सीमाप्रश्नावर आज बोलत नाही हां, तो वेगळा व्हिडिओ. आज फक्त रस्ता.) अंगठा कशावर उठवला, हे उठवणारीलाच माहीत नसेल तर ती शिफारस कसली?

जंगलातल्या जमिनीवरच्या वैयक्तिक दाव्यांचंही तसंच. आदिवासी नसलेल्यांना 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, 2005 च्या डिसेंबरपासून मागं मोजून. म्हणजे 1930. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात! त्या काळचा मोडीतला कागद घरात सापडला तरी वाचणार कोण? पण नियमात एक सोय आहे, ती फार कुणी सांगत नाही: वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा धरतात.

तळेवाडीसारख्या ठिकाणी स्थलांतराचं पॅकेज आलंय. अभयारण्यातून लोकांना हलवायचं तर आधी हक्क मान्य करा आणि ग्रामसभेची लेखी संमती घ्या, असं हाच कायदा सांगतो. परत ग्रामसभाच.

म्हणून पुढची सभा लागली की रजिस्टरवर सही करण्याआधी ठराव मराठीत वाचून मागा. रस्त्याचा असेल तर त्यात तीन गोष्टी बघा: कुठून कुठपर्यंत, किती मीटर, किती झाडं. मोजायची टेप घरातूनच न्या.