समुद्रातली गाय आणि काट्यांचा मासा

राम राम मंडळी! आज गप्पा समुद्राच्या. आता तुम्ही म्हणाल खान्देशात समुद्र कुठून काढला, इथं तर मे महिन्यात गिरणेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. पण आपली तापी भुसावळवरून वाहत वाहत शेवटी सुरतेजवळ अरबी समुद्रालाच मिळते ना, आणि तिथून वर कच्छच्या आखातात राहते समुद्रगाय, म्हणजे डुगाँग.

नाव गाय आणि खाते पण गवतच, समुद्राच्या तळाशी उगवणारं, दिवसाला 30-40 किलो, आणि चरून गेली की मागे तळात चारीसारखा पट्टा उमटतो. नातं मात्र हत्तीशी! श्वास घ्यायला दर काही मिनिटांनी वर यावंच लागतं. पिल्लू एका वेळी एकच, 13-14 महिने पोटात, मग दीडेक वर्ष दूध, आणि सड कुठं तर पुढच्या वल्ह्यासारख्या हातांच्या काखेत. आपल्या गोठ्यातली म्हातारी बघेल तर म्हणेल, हाई काय शे भो?

आता दुसरा गडी, लायनफिश. प्रवाळात राहतो, लांबीला फूटभर, अंगावर लाल-पांढरे पट्टे, आणि विषारी काटे किती तर 18, त्यातले 13 नुसत्या पाठीवर. स्वतःहून कोणाला टोचायला जात नाही, बाभळीसारखं आहे, पाय आपणच टाकायचा. टोचला तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवतात कारण ते विष उष्णतेनं मोडतं, आणि तसंच डॉक्टर गाठायचा. याची मादी वर्षाला 20 लाखांपर्यंत अंडी घालते. दूध नाही की सांभाळणं नाही, सोडली पाण्यात अन् झाली मोकळी.

म्हणून माझा जीव गाईसाठी तुटतो. 400 किलोची बाई, पण जाळ्यात अडकली की वर येता येत नाही आणि बुडून मरते, पाण्यातला जीव पाण्यात बुडून! एक गेली की तिची जागा भरायला वर्षं लागतात. 2022 मध्ये तामिळनाडूनं पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटर राखीव केलं तिच्यासाठी, बरं केलं.

आणि तो काटेवाला? मूळचा आपल्या हिंदी महासागराकडचा अन् पॅसिफिकचा, 1985 मध्ये फ्लोरिडाजवळ सापडला, बहुतेक कोणीतरी हौसेनं पाळलेला सोडून दिला असणार. तिकडं खाणारं कोणी नाही, मग माजला असा की आता तिकडचे लोकच काटे कात्रीनं कापून तळून खातात, मांसात विष नसतं म्हणे. आपण नाही का, वांग्याच्या देठाचे काटे टोचले तरी भरीत सोडत नाही!