टक्का कशाचा?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘साहेबांचा पगार आणि कंपनीचा नफा’. त्याच्याकडे येतोच. आधी बोनस, कारण दर दिवाळीला एकच मेसेज मला आठ ग्रुपांवरून येतो. इंग्रजांनी आठवड्याचा पगार महिन्यावर नेला, 52 भागिले 4 म्हणजे 13, एक पगार गिळला, मग 1940 साली दिवाळी बोनसचा कायदा झाला! आमच्या व्याह्यांनीही पाठवला. व्याहीच ते, मी मुकाट अंगठा दाखवला. उभा.

1940 साली असा कायदा झाला नाही. बोनस आला पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, मुंबईच्या गिरण्यांमधून. महागाई भडकली होती आणि गिरण्या रग्गड कमवत होत्या. पुढे 1923 चा बोनस मालकांनी नाकारला, 1924 च्या सुरुवातीलाच संप झाला, आणि न्यायमूर्ती मॅक्लाउड यांच्या समितीने सांगितलं की यावर कामगारांचा हक्क पोचत नाही. म्हणजे ती बक्षिसी! बक्षिसीचा हक्क व्हायला सरकारने बोनससाठी नेमलेला मेहेर आयोग आणि 1965 चा बोनस कायदा यावा लागला. किमान बोनस तेव्हा 4 टक्के होता, 1972 ला 8.33 झाला. 8.33 म्हणजे बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार. व्याह्यांचा तेरावा पगार बहुधा इथून उगवला असावा.

आता माझी गोष्ट. साल 1996, पिंपरी-चिंचवड पट्ट्यातली एक कंपनी, नाव नको. मी अकाउंट्सला. बोनस रोखीत असायचा. खाकी पाकिटं, वर टोकन नंबर. नोटा मोजायला दिलेला स्पंज पहिल्याच दिवशी वाळून पापड, मग दोन दिवस थुंकी लावून मोजणी. वर्ष झकास गेलेलं, म्हणून 20 टक्के. पण कायद्यात हिशेबाला पगार धरायचा महिना 2500. वर्षाचे 30000, त्याचे 20 टक्के म्हणजे 6000, संपलं. ज्यांचा पगार 3500 च्या वर, त्यांना बोनस नाही, ‘सानुग्रह’. काय शब्द आहे! घाम आमचा आणि अनुग्रह त्यांचा.

युनियनचे सेक्रेटरी, सगळे त्यांना मामा म्हणायचे, केबिनमध्ये गेले. ‘साहेब, नफा दीडपट झाला, मग वीसच का?’ साहेब म्हणाले, ‘मामा, कायद्यात त्याच्या वर नाही हो.’ खरंच नव्हतं. मामा उठले. त्याच संध्याकाळी माझ्या टेबलावर एमडींच्या, म्हणजे व्यवस्थापकीय संचालकांच्या, कमिशनचं व्हाउचर आलं. निव्वळ नफ्यावर टक्केवारी. आकडा मी दोनदा वाचला. आमच्या अख्ख्या मशीन शॉपची पाकिटं त्यात बसली असती, वर मिठाईचे डबे. गेटवर ठेकेदाराची पोरं उभी होती. त्यांना पाकीट नाही, अर्धा किलो सोनपापडी.

...चिठ्ठी आली? दहा मिनिटं? अहो, मुख्य मुद्दा तर आता येतोय!

तर पटकन. कामगाराचा टक्का त्याच्या पगारावर, साहेबाचा टक्का कंपनीच्या नफ्यावर. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 197 बघा. सगळ्या संचालकांना मिळून निव्वळ नफ्याच्या जास्तीत जास्त 11 टक्के, एकच एमडी असेल तर त्याला 5. शंभर कोटी नफा, तर पाच कोटी. दोनशे झाला, तर दहा. कामगार मात्र 20 टक्क्यांवर पोचला की खुंटला. हिशेबाची रक्कम 2015 च्या दुरुस्तीने महिना 7000 किंवा किमान वेतन, जे जास्त असेल ते, अशी केली. 7000 धरले तर वर्षाला जास्तीत जास्त 16800. वरचा पैसा पुढच्या वर्षांसाठी ‘सेट ऑन’ करतात, तोही मर्यादेतच. तोट्यात कामगाराला 8.33 मिळतात, हे मान्य. पण तोट्यात साहेबासाठीही त्याच कंपनी कायद्याची अनुसूची पाच आहे, नफा नसला तरी पगार किती द्यायचा ते सांगणारी. ती मर्यादाही ओलांडायची तर पूर्वी दिल्लीची मंजुरी लागायची, 2018 पासून भागधारकांचा विशेष ठराव पुरतो. ठरावाला तीन-चतुर्थांश मतं लागतात. पण एमडी प्रवर्तकांच्याच, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्यांच्याच, घरातला असेल तर बऱ्याचदा निम्मी मतं घरातच असतात.

कुणी म्हणेल, जोखीम साहेबाची. असेल. पण ऑर्डर नाही आली तर आधी ओव्हरटाइम कुणाचा जातो?

शेवटचं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला वार्षिक अहवालात सांगावं लागतं की प्रत्येक संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे. सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करा, बरोबर मध्ये येईल तो मधला. अहवाल वेबसाइटवर असतो, घरी जाऊन बघा, मागच्या परिशिष्टांत सापडेल. फक्त त्या रांगेत हजेरीपटावरचे लोक असतात. सोनपापडीवाली पोरं ठेकेदाराच्या पटावर. त्यांनाही उभं केलं की मधला माणूस खाली सरकतो, आणि ती पट... हो हो, थांबतो. माइक काढू नका, प्रश्न असतील.