किल्लारीची पहाट आणि मेंदूतली आठवण

मित्रहो, लातुरात उभं राहून आठवणींवर बोलायचं आणि किल्लारी वगळायचं, हे मला जमणार नाही. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून गावं दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली आणि दगडमातीच्या भिंतींसकट माळवदं झोपलेल्यांच्या अंगावर आली. तुमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पण घरातली आजी ती पहाट कालची असल्यासारखी सांगते. कुठलं लेकरू कुशीत होतं, आधी हाक कुणी मारली, सगळं. त्याच्या आदल्या आठवड्यातलं मात्र तिला काही सांगता येणार नाही.

हे कसं होतं, त्यावरचा एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेत लॅरी काहिल आणि जेम्स मॅकगॉ यांनी तो 1994 साली प्रसिद्ध केला. लोकांना चित्रांची एक गोष्ट दाखवली. आई आणि मुलगा घरातून निघतात, वाटेत मुलाला अपघात होतो. काही जणांना आधी प्रोप्रानोलॉल दिलेलं होतं, म्हणजे रक्तदाबासाठी आपल्याकडेही देतात तेच औषध. आठवड्यानंतर विचारलं, तर औषध न घेतलेल्यांना अपघाताचा भाग जास्त ठळक आठवला. औषध घेतलेल्यांना साधा भाग इतरांइतकाच आठवला, पण अपघाताच्या आठवणीला ती जादा धार आली नाही. भीतीच्या वेळी अंगात अॅड्रेनॅलिन उसळतं, मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीतीसारख्या भावना हाताळणारा भाग, जागा होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या भागात आठवण पक्की व्हायला जोर लावतो. औषधाने अॅड्रेनॅलिनचा हाच परिणाम अडवला होता.

पण ठळक म्हणजे अचूक नव्हे. 1986 साली अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळलं, तेव्हा मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे कळली, सोबत कोण होतं. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं, तर अनेकांची उत्तरं पार बदललेली, आणि तरीही ती छातीठोकपणे सांगितलेली!

त्याच नायसर यांनी 1989 च्या कॅलिफोर्नियातल्या भूकंपानंतरही असंच विचारलं. धक्का स्वतः सोसलेल्यांचं सांगणं दीड वर्षाने जवळजवळ तसंच होतं. दूर अटलांटात बसून नुसती बातमी ऐकलेल्यांचं घसरलं होतं. सोसलेल्यांनी तो अनुभव पुन्हा पुन्हा एकमेकांना सांगितला, म्हणून तो टिकला असावा, असं त्यांना वाटलं. मला हे पटतं. किल्लारीनंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहताना आपल्या माणसांनी दुसरं काय केलं?

म्हणून माझी विनंती आहे, ते सांगणं आता उतरवून घ्या. आजीसमोर मोबाइल ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा, मध्ये तिला तोडू नका. आजोबा वेगळं सांगत असतील तर त्यांचं वेगळं घ्या. आधी कुठली भिंत पडली यावरून कुणाला खोटं पाडू नका, दोन्ही तारखेसह जपून ठेवा. आणि तिला त्या दिवशी बोलवत नसेल, तर आग्रह न धरता परत या.